लेडीज सायकल

२ फेब्रुवारी, सोमवार

घेतलीच त्याने सायकल! विचारणं नाही, सांगणं नाही. संध्याकाळी अंगणात घंटी वाजली, दार उघडून बघते तर स्वारी हिरव्या सायकलवर. आणि सायकल लेडीज! मधला दांडा नसलेली, पुढे जाळीची टोपली.

बातमीवाल्या काकू नेमक्या जिन्यात. राहतात वरच्या मजल्यावर, पण कान आमच्या तळमजल्यावर ठेवून गेल्यात. म्हणाल्या, "अगंबाई, बायकोला आणलीस का रे?" तर हा म्हणतो, "नाही काकू, मलाच. कामावर जायला."

मी विचारलं, "लेडीज का?"

"दुकानात हीच होती."

खोटं! त्या दुकानात सायकली छताला टांगलेल्या असतात, वटवाघळांसारख्या. हीच कशी असेल?

मग चहा पिताना सहज बोलल्यासारखं म्हणाला, "उद्यापासून बस बंद." म्हणजे बसथांब्यापर्यंतचं आमचं चालणंही बंद. लग्न झाल्यापासून आम्ही सकाळी बरोबर निघतो. तो त्याच्या मीटरांकडे — बंद पडलेले पाण्याचे मीटर तपासायचं त्याचं काम — आणि मी माझ्या कापडाकडे. दिवसभरात आमचं जे काय बोलणं होतं ते त्या रस्त्यावर. घरी आल्यावर तो त्याच्या खुर्चीत, मी माझ्या भांड्यांत. हे त्याच्या लक्षात आलं नसेल असं कसं म्हणू?

शुक्रवारीच मी त्याला रस्त्यात म्हटलं होतं, "अरे चल की, मुंगीच्या पावलाने काय चालतोस! माझी बस जाईल." सारखा मागे राहत होता. फुटपाथच्या कडेशी येऊन उभाच राहायचा. आणि आज सायकल. रागावला होता तर तसं म्हणायचं ना.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज मोजदाद केली. काकूंना म्हणाला, "पोट कमी करायचंय." (पोट आहे कुठे त्याला? काटकुळा!) लेकीला फोनवर म्हणाला, "प्रदूषण केवढं वाढलंय गं." धाकट्या दिरांना म्हणाला, "बसला फार गर्दी." मला म्हणाला, "मोकळं वाटतं."

ज्याच्यापाशी एक खरं कारण असतं त्याला इतकी लागत नाहीत.

आणि मोकळं म्हणजे? कशापासून मोकळं? हे विचारलं नाही. उत्तर आलं असतं तर काय करायचं होतं?

८ फेब्रुवारी, रविवार

जीव थाऱ्यावर नाही. सकाळपासून कपाटं आवरली, परत विस्कटली, परत आवरली. तो दुपारी "जरा फिरून येतो" म्हणून सायकल घेऊन गेला. रविवारी! कामावर जायला घेतली होती ना?

परत आला आणि दारात उभा राहिला. सायकल आल्यापासून बघतेय, हे नवीनच सुरू झालंय. एक हात चौकटीवर, मान खाली, नजर पायांशी. आत येत नाही, बाहेरही जात नाही. घरात यावं की नाही याचा जणू विचार चाललाय. मी म्हटलं, "आमंत्रण हवंय का?" म्हणाला, "येतो." आणि तरी उभाच! काय बघत होता उंबऱ्यात, देव जाणे.

नंतर माझं दूध उतू जाऊन करपलं. सगळं घर भरून वास. तो स्वयंपाकघराच्या दाराशी बसून पेपर वाचत होता. पत्ताच नाही! "अरे, नाक गहाण टाकलंस का?" हसलासुद्धा नाही. पूर्वी माझ्या फालतू विनोदांना हसणारा जगात एकच माणूस होता. तोही संपावर गेला.

११ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या कारखान्यातली काजेवाली सायकलने येते. शाळांचे गणवेश शिवतो आम्ही. मी कटिंगला, ती काजे-बटणांना. आज जेवणाच्या सुट्टीत तिला धरलं. "खरं सांग, तू सायकलने का येतेस?"

ती हसली. "तुम्ही हसाल. ताई, घरी मी सून, मुलांची आई, इथे मी काजेवाली. मधला जो रस्ता आहे ना, तिथे मी कुणीच नसते. बसने गेले तर तो लवकर संपतो."

घास हातातच राहिला माझा.

संध्याकाळी चौकात सिग्नलला एक नर्स सायकल धरून उभी होती, तिलाही विचारलं. लाज सोडली मी! ती म्हणाली, "मला वाट बघता येत नाही हो. बसची नाही, कशाचीच." कोपऱ्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, "चालताना डोक्यात विचार येतात, सायकलवर ते मागे पडतात."

सगळी कारणं ऐकली तर एकच दिसतं. कुणी जायचं म्हणून सायकल घेत नाही. कशापासून तरी सुटायचं म्हणून घेतो. मग आमच्या घरात सुटण्यासारखं आहे कोण? मीच.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

"जेवण झाल्यावर चालायला येतोस?" — "दमलोय गं." इतक्या हळू बोलला की दोनदा विचारावं लागलं. सायकल मारून दमत नाही. माझ्याबरोबर चालून दमतो!

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हे लिहू की नको? लिहिते. इथे कोण वाचणार आहे.

त्याचा शर्ट इस्त्रीला घेतला. कटिंगवालीच्या डोळ्यांना कापड सगळं सांगतं. कोण टेबलावर कोपर टेकून बसतो, कोण खिशात हात घालून चालतो, सगळं. त्याच्या डाव्या बाहीला कोपरात घट्ट घडी पडलेली. उजव्या बाहीला काही नाही. मग बाकीचे शर्ट काढून पाहिले. सगळ्यांना डावीकडेच! हात सतत वाकवून धरला तरच असली घडी पडते. आणि हात वाकवून माणूस कधी चालतो? कुणी त्यात हात अडकवला असेल तर.

लेडीज सायकल. रविवारची फेरी. दारात पाय अडखळणं. हसणं बंद.

मी काही शेंबडी पोरगी नाही. दोन अधिक दोन येतं मला. इस्त्री तशीच ठेवली आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. म्हणजे त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. ऐकू गेलं असतं तरी तो आला असता का, कुणास ठाऊक.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ताईला फोन केला. आमची ताई म्हणजे आधी निकाल, मग चौकशी. सगळं ऐकून पहिला प्रश्न काय — "मागे कॅरिअर आहे का त्या सायकलला?"

"आहे."

"झालं तर!"

इतकं रडू येत असताना हसू आलं. म्हटलं, "ताई, चौपन्न वर्षांचा माणूस कॅरिअरवर बाई बसवून फिरतोय असं डोळ्यांसमोर आण." म्हणाली, "आणलं. वाईट दिसतंय." मग म्हणाली, "तू ये इकडे चार दिवस. त्याला कळू दे घर रिकामं कसं लागतं ते."

चार दिवस म्हणाली खरी. पण एकदा गेले की मी कशी आहे हे तिला ठाऊक आहे. मलाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज फुटलेच मी. तो आला, दारात उभा राहिला. मी आतून बघत होते. एक पाय उचलल्यासारखा करतो, परत ठेवतो. टाचा नुसत्या थरथरतात. आमच्या घरात पाऊल टाकायला एवढं जिवावर येतं?

"यायचंय की नाही ते एकदाचं ठरव!" मी किंचाळलेच. वरची खिडकी उघडल्याचा आवाज आला, म्हणजे बातमी पोचली.

आणि मी ओरडले तसा तो जास्तच थांबला. मुद्दाम! जितकी मी ओरडते तितका हा खांब होतो. चेहऱ्यावर काही नाही. राग नाही, लाज नाही, नुसतं लाकूड. शेवटी मी आत निघून गेले, स्वयंपाकघराचं दार आपटलं. बऱ्याच वेळाने त्याची पावलं ऐकू आली. घासत घासत, परक्याच्या घरी आल्यासारखी.

जेवताना एवढंच म्हणाला, "तू रागावलीस की जमत नाही मला."

काय जमत नाही? विचारलं. "काही नाही" म्हणाला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

स्वयंपाकघरातल्या फळ्यावर त्याने खडूने लिहून ठेवलं होतं, "दूध संपलं." मुंगीएवढी अक्षरं, चष्मा लावून वाचली. आता माझ्यासाठी अक्षरंही हात आखडून वापरतो.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

केलं. पाठलाग केला. या वयात!

काजेवालीकडून काल तिची सायकल मागून घेतली. म्हणाली, "येते ना तुम्हाला?" म्हटलं, लहानपणी येत होती. सकाळी तो निघाला आणि त्याच्यामागे मी. पहिल्या वळणाला कचरापेटीवर गेले, दुसऱ्याला एका कुत्र्याने माझ्या भीतीने जागा सोडली. मग जमलं. अंगात असलेलं जात नाही म्हणतात ते खरं.

आणि तो! काय सांगू. ताठ पाठ, मोकळे खांदे, पाय कसे लयीत. कारण नसताना घंटी वाजवतो. चढावर उभा राहून पेडल मारतो! एका स्कूटरवाल्याच्या पुढे गेला. घरात पाय ओढत चालणारा माणूस तो हाच का? मला तो आठवला, लग्नाआधीचा, माझ्या मामाच्या घरासमोरून उगीच फेऱ्या मारणारा. इतके दिवस होता कुठे हा? इथे, रस्त्यावर! घरी आणायला काही शिल्लक राहत नव्हतं.

रागही आला आणि, खोटं का बोलू, बघत राहावंसं वाटलं.

वाटेत कुणी बाई भेटली नाही. कुठे थांबला नाही. थेट मीटर खात्याच्या फाटकाशी. मी समोरच्या झाडामागे. तो उतरला, हँडल धरून उभा राहिला. मग वॉचमन बाहेर आला, सायकल घेतली, भिंतीला लावली. आणि मग काय केलं? आपली काठी जमिनीवर आडवी ठेवली. याच्या पायांसमोर. हा काठी ओलांडून गेला. एक पाऊल, दुसरं, आणि चालायला लागला सरळ. जाताना त्याने वॉचमनच्या खांद्यावर हात ठेवला. वॉचमन काहीतरी म्हणाला, दोघांनाही ते रोजचं असल्यासारखं.

हा काय खेळ? पोरखेळ? की यांची काही थट्टा?

विचारलं नाही. कोणत्या तोंडाने विचारणार, झाडामागून निघून? परत येताना पाय भरून आले. बाई नाही हे कळलं तर बरं वाटायला हवं होतं. पण नाही वाटलं. बाई असती तर निदान कारण कळलं असतं. तो वॉचमनच्या खांद्यावर हात ठेवतो. माझ्या खांद्यावर शेवटचा कधी ठेवला?

ताईला सांगितलं, शनिवारी येते.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सलग लिहायला हवं, नाहीतर सुटून जाईल.

बॅग भरली होती. चोरासारखं जायचं नव्हतं, त्याच्या तोंडावर सांगून जायचं होतं. संध्याकाळी घंटी वाजली, मी दार उघडलं. तो सायकल लावून दारापर्यंत आला आणि थांबला. रोजच्यासारखा. हात चौकटीवर, नजर खाली.

"मी ताईकडे चाललेय," मी म्हटलं.

त्याने वर पाहिलं. "कधी येशील?"

"माहीत नाही."

"मला आत येऊ दे आधी."

"मी अडवलंय का तुला?"

चपला घालायला म्हणून मी बॅग खाली ठेवली. उंबऱ्याशी, आडवी, आमच्या दोघांच्या मधे. मी पट्टा लावत वाकले होते. आणि त्याचा पाय उचलला गेला. बॅगेवरून. मग दुसरा. माझ्या शेजारून आत गेला, खुर्च्यांमधून थेट टेबलापर्यंत, अडखळणं नाही, घासणं नाही!

मी एक चप्पल घालून उभी. बॅगेकडे पाहिलं. वॉचमनची काठी आठवली.

"परत बाहेर जा," मी म्हटलं. का म्हटलं माहीत नाही, तोंडातून गेलं. तो बॅग ओलांडून बाहेर गेला. मी बॅग उचलली. "आता ये."

नाही आला. पाय जमिनीला डिंकाने चिकटवल्यासारखे. वरचा माणूस पुढे झुकतोय आणि पाय मागेच! टाचा थरथरतायत. त्याच्या कपाळावर घाम. मी बॅग ठेवली. आला.

मग मी त्याला खुर्चीत बसवलं, समोर बसले. "बोल."

"कंपवात," म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलं. सायकल घेण्याच्या आधी."

"पण तुझे हात कुठे कापतात?"

"सगळ्यांचे कापत नाहीत. माझे पाय अडकतात. दारात, कडेशी, चिंचोळ्या जागी. घाई केली की जास्त. समोर ओलांडायला काही असलं की सुटतात." चेहराही त्यानेच लाकडी होतो म्हणे. आवाज बसतो, वास जातो, अक्षर बारीक होतं, डावा हात कोपरात वाकलेलाच राहतो, चालताना हलत नाही. मी बाह्यांच्या घड्या वाचत बसले होते!

"आणि सायकल?"

तेव्हा मात्र त्याचा आवाज जरा वर आला. "सायकलवर काही होत नाही गं! डॉक्टर म्हणाले, काहींचं असंच असतं, चालता येत नाही पण सायकल येते. चढता-उतरता सोपी म्हणून लेडीज घेतली. एकदा बसलो ना, की पाय माझं ऐकतात. अख्खा रस्ता ऐकतात. तेवढा वेळ मला काही झालेलं नसतं."

"वॉचमनला सांगितलंस. मला नाही!"

"सांगितलं नाही. त्याच्या वडिलांना होतं, त्याने बघून ओळखलं."

मी रोज बघत होते. मी नाही ओळखलं. पण हे बोलले नाही, रागातच होते अजून. "माझ्याबरोबर चालणं का सोडलंस? मी हात धरला असता."

"तू दोन पावलं पुढे जायचीस आणि वळून बघायचीस. तुझी बस जाईल म्हणून. मला वाटलं, आत्ता नुसती घाई आहे तुझ्या नजरेत. कळलं की दया येईल. घाई चालेल, म्हटलं. त्यापेक्षा सायकलवरून जाताना बघ मला. मी अजून तिथे बरा दिसतो."

"गुरुवारी बघितलं," मी म्हटलं. "स्कूटरवाल्याच्या पुढे गेलास."

त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहरा हलला नाही. पण डोळे हसले! मला आता कळलं कुठे बघायचं ते.

मग रडले. आज नळ न सोडता.

१ मार्च, रविवार

ताईला कळवलं, येत नाही. ती म्हणाली, "म्हणजे कॅरिअरवर कुणी नव्हतं?" म्हटलं, "नव्हतं. पण जागा आहे, मी बसेन म्हणते." फोन ठेवल्यावर तो आतून म्हणाला, "तू बसलीस तर चढावर नाही जमायचं हं."

पुढे काय होईल, विचारायचं धाडस झालं नाही. गोळ्या सुरू आहेत. सायकल किती वर्षं, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. लेकीला अजून कळवायचंय. ते उद्या, दोघं मिळून.

३ मार्च, मंगळवार

कामावरून कटिंगचा निळा खडू आणला. उंबऱ्यात एक रेघ ओढली, मग पावलापावलावर एकेक, त्याच्या खुर्चीपर्यंत. काकूंनी डोकावून विचारलं, "हे गं काय?" म्हटलं, "माप घेतेय."

संध्याकाळी घंटी वाजली. मी दाराशी गेले नाही, बोललेही नाही, पाठ करून चहाचं आधण ठेवलं. मागे एक पाऊल वाजलं. मग दुसरं. मग सगळी, मोकळी.

साखर घालता घालता हात थांबला. इतक्या संध्याकाळी तो त्या दारात उभा राहिला आणि मी समजले, त्याला घरात यायचं नाही.

त्याला आत यायचं होतं.